‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी आणि हृदयाची तपासणी

गेल्या कोजागरीची गोष्ट. मसाला दूध पिऊन झाले, मुले गाणी म्हणण्यात दंग होती आणि आम्हा बायकांच्या घोळक्यात विषय निघाला तो ‘डी’च्या पुड्यांचा. एका वहिनींच्या सासूबाई भारतातून नुकत्याच आल्या होत्या. येताना त्यांनी 60,000 युनिटच्या पुड्या आणल्या होत्या. “इथे ऊन नाही, म्हणून सगळ्यांनी दर रविवारी एक घ्यायची. हाडांनाही चांगली आणि हार्टलाही,” असे सांगत त्यांनी मोठ्या प्रेमाने दोघीतिघींच्या पर्समध्ये त्या टाकल्यासुद्धा. माझ्याही पुढे एक आली. मी ती नम्रपणे परत केली. कारण सांगत बसले असते तर दूध निवले असते, आणि काकूंचे मन दुखावले असते ते वेगळेच. म्हणून ते कारण आज आपल्या वार्तापत्रातून सविस्तर सांगते.

मी डॉक्टर नाही. पुण्यात औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली आणि आता टोकियोत औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी नीट लावून ठेवण्याचे काम करते. तेव्हा हा लेख म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे. थोडा अभ्यास आणि बराचसा अनुभव, असे त्याचे स्वरूप आहे. आधी अनुभव सांगते.

आमच्या घरी काय झाले

माझे यजमान संगणक क्षेत्रात आहेत. उंच, सडपातळ, पूर्ण शाकाहारी, तंबाखू-सिगारेट कधीच नाही. 2019 मध्ये आम्ही सुट्टीत डोंबिवलीला गेलो होतो. तेव्हा पाय दुखतात, थकवा येतो म्हणून तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासले. ‘ड’ जीवनसत्त्व निघाले 11 नॅनोग्रॅम. साधारणपणे 20 च्या खाली कमतरता समजतात. डॉक्टरांनी आठवड्याला एक याप्रमाणे 8 आठवडे पुडी लिहून दिली. पाय दुखायचे थांबले. इथपर्यंत सगळे योग्यच होते.

पुढे नात्यातल्या कुणीतरी फोनवर निरोप पाठवला : ‘डी’ भरपूर असेल तर हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ राहतात. झाले! 8 आठवड्यांचे औषध तीन वर्षे चालू राहिले. दरम्यान कंपनीच्या वार्षिक तपासणीत एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, 2020 मध्ये 158, 2021 मध्ये 164 आणि 2022 मध्ये 171 आले. दर वेळी कागदावर ‘यो-साइकेन्सा’, म्हणजे ‘पुन्हा तपासणी आवश्यक’, असा शेरा होता. दर वेळी तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली लागला आणि महिन्याभराने खणात गेला. मी विचारले की उत्तर ठरलेले : “अगं, माझं डी चाळीसच्या वर आहे. वजन वाढलेलं नाही. काळजी कसली?” आणि औषधशास्त्राची पदवी असलेली मी, गप्प बसले. यांच्या वडिलांना 52 व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता, हे मला माहीत असूनही.

फेब्रुवारी 2023 मध्ये स्टेशनचा जिना चढताना यांची छाती जड होऊ लागली. थांबले की बरे वाटे. दोन आठवडे ‘ॲसिडिटी’ समजून काढले. मग एका रविवारी आराकावा नदीच्या बांधावर चालताना हे मधेच खाली बसले. घाम फुटला होता आणि डावा जबडा दुखत होता. इस्पितळात नेले. हृदयाच्या तीन मुख्य रक्तवाहिन्यांपैकी एक नव्वद टक्के अरुंद झाल्याचे आढळले. त्याच रात्री स्टेंट बसवला. वेळेवर पोहोचलो म्हणून आज हे सगळे मी शांतपणे लिहू शकते आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी यांच्या चालू औषधांची यादी मागितली. यादीत एकच ओळ होती : ‘ड’ जीवनसत्त्व. डॉक्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाले, “हे हाडांसाठी. हृदयासाठी मी दुसरं देतो.”

हे एक वाक्य आम्हाला तीन वर्षे आधी कळायला हवे होते.

‘ड’ जीवनसत्त्व करते काय?

खरे तर हे इतर जीवनसत्त्वांसारखे नाही. ते आपले शरीर स्वतः बनवू शकते. उन्हातले अतिनील ‘बी’ किरण त्वचेवर पडले की तिथल्या एका कोलेस्टेरॉलसदृश पदार्थापासून ‘ड’ तयार होते. मग यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात त्याच्यावर एकेक संस्कार होऊन ते कामाला येते. त्याचे मुख्य काम म्हणजे आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करणे. ते फार कमी पडले तर मुलांना मुडदूस होतो, मोठ्यांची हाडे मऊ पडतात, स्नायू दुखतात. यांचे पाय दुखत होते ते बहुधा यामुळेच. तेव्हा कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही.

हृदयाशी नाते कसे जुळले?

ही कल्पना निरोप्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. तिचा उगम चांगल्या शास्त्रज्ञांकडेच आहे. 1981 मध्ये रॉबर्ट स्क्रॅग या संशोधकाने एक तर्क मांडला. हृदयविकाराने होणारे मृत्यू हिवाळ्यात वाढतात, आणि हिवाळ्यात ऊन कमी म्हणून ‘ड’ही कमी होते. या दोन्हींचा संबंध असेल का? पुढे असेही दिसले की हृदयाच्या स्नायूंत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही ‘ड’ला ओळखणाऱ्या जागा असतात. 2008 मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या प्रसिद्ध पाहणीतून 1,739 लोकांची माहिती प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तात ‘ड’ 15 नॅनोग्रॅमपेक्षा कमी होते त्यांना पुढील पाचेक वर्षांत हृदयविकार होण्याचा धोका इतरांपेक्षा 62 टक्के जास्त आढळला. एवढे वाचल्यावर कुणालाही वाटेल, मग घ्या की गोळी!

पण इथेच थोडे थांबायला हवे. ‘ड’ कमी असणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो, ही झाली एक गोष्ट. ‘ड’ दिल्याने हृदयविकार टळतो, ही झाली दुसरी. पहिलीवरून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही.

मग परीक्षा घेतली

औषधाचा गुण पाहायची खरी रीत अशी. हजारो लोक घ्यायचे आणि चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट करायचे. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती मिळते हे ना घेणाऱ्याला माहीत, ना देणाऱ्याला. काही वर्षांनी दोन्ही गटांत किती जणांना आजार झाला ते मोजायचे. चिठ्ठ्यांमुळे दोन्ही गटांत जाडे-बारीक, चालणारे-बसणारे, गरीब-श्रीमंत सारखेच वाटले जातात. मग जो फरक उरतो तो गोळीचाच.

अशा तीन मोठ्या परीक्षा आपल्यासमोर आहेत.

पहिली न्यूझीलंडमध्ये झाली. 5,110 लोकांपैकी निम्म्यांना दर महिन्याला 1 लाख युनिट ‘ड’ दिले. साधारण सव्वातीन वर्षांनी पाहिले तर हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार ‘ड’ घेणाऱ्यांत 11.8 टक्के आणि न घेणाऱ्यांत 11.5 टक्के. म्हणजे फरक नाही. हा निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. आणि या परीक्षेचे प्रमुख कोण? तेच रॉबर्ट स्क्रॅग, ज्यांनी 1981 मध्ये मूळ तर्क मांडला होता! स्वतःच्या लाडक्या कल्पनेची स्वतःच परीक्षा घेऊन ‘नापास’ असे जाहीर करायलाही मोठे मन लागते.

दुसरी अमेरिकेत, बोस्टनच्या डॉ. जोअन मॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. तिचे नाव ‘व्हायटल’. 50 वर्षांवरील पुरुष व 55 वर्षांवरील स्त्रिया मिळून 25,871 जण होते. रोज 2,000 युनिट, पाच वर्षांहून थोडा अधिक काळ. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयामुळे मृत्यू अशा घटना ‘ड’च्या गटात 396 आणि दुसऱ्या गटात 409. इतका फरक योगायोगानेही पडतो. सुरुवातीलाच ज्यांचे ‘ड’ कमी होते त्यांनाही हृदयासाठी फायदा दिसला नाही. याच परीक्षेतून 2022 मध्ये आणखी एक गोष्ट कळली. कमतरता पाहून न निवडलेल्या अशा सर्वसाधारण लोकांत हाडे मोडण्याचे प्रमाणही गोळीने कमी झाले नाही.

तिसरी ऑस्ट्रेलियाची. 60 वर्षांवरील 21,315 जणांपैकी निम्म्यांना महिन्याला 60,000 युनिट, म्हणजे काकूंच्या पुडीइतकेच, पाच वर्षांपर्यंत दिले. 2023 मध्ये निष्कर्ष आला. मोठ्या घटना ‘ड’च्या गटात 6.0 टक्के, दुसऱ्या गटात 6.6 टक्के. प्रामाणिकपणे सांगायचे तर येथे किंचित फरक आहे. पण तो इतका लहान आहे की तो योगायोग नव्हे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

2019 मध्ये 21 परीक्षा एकत्र करून 83,291 लोकांचा हिशोब मांडला गेला. त्यातही ‘ड’ने हृदयविकार कमी होत नाही असाच निष्कर्ष निघाला.

नाते दिसते, मग गुण का येत नाही?

आपल्या इथलेच उदाहरण घ्या. रविवारी सकाळी आराकावाच्या बांधावर धावणाऱ्यांना पाहा. त्यांच्या अंगावर ऊन पडते, म्हणून त्यांचे ‘ड’ चांगले. ते धावतात, म्हणून त्यांचे हृदय चांगले. आता घरात बसून वडापाव खाणाऱ्याला ‘ड’ची पुडी दिली, तर त्याचे ‘ड’ धावणाऱ्याइतके होईल. हृदय मात्र वडापाववाल्याचेच राहील!

शिवाय आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, आणि पोटावर चरबी असेल तर ‘ड’ तिच्यात साठून राहते व रक्तात कमी दिसते. म्हणजे पुष्कळदा ‘ड’ कमी असणे ही शरीराची तब्येत सांगणारी खूण असते, रोगाचे कारण नव्हे. खूण पुसली म्हणून तब्येत सुधारत नाही.

आपल्याला ‘ड’ लागते की नाही?

लागते. निशी-कसाईत राहणाऱ्या आपल्याला त्याचा विचार करायलाच हवा. मुंबई 19 अक्षांशावर आणि टोकियो साडेपस्तीसच्या वर, त्यामुळे इथले हिवाळ्यातले ऊन तिरपे आणि दुबळे. जपानच्या राष्ट्रीय पर्यावरण अभ्यास संस्थेने 2013 मध्ये एक हिशोब मांडला होता. डिसेंबरात स्वच्छ दुपारी चेहरा व दोन्ही हात उघडे ठेवून 5.5 मायक्रोग्रॅम ‘ड’ बनायला ओकिनावातील नाहा येथे 8 मिनिटे, आपल्या जवळच्या त्सुकुबाला 22 मिनिटे आणि साप्पोरोला 76 मिनिटे लागतात. आपली त्वचा सावळी, म्हणून आपल्याला याहून अधिक. आणि बंद काचेतून आलेले ऊन हिशोबात धरू नये, कारण काच हे किरण अडवते. गॅलरीचे दार लावून आत सोफ्यावर घेतलेले ऊन उबेपुरतेच!

कमी ‘ड’ ही फक्त आपली अडचण नाही. टोकियोत तपासणीसाठी आलेल्या 5,518 जणांच्या एका पाहणीत सुमारे 98 टक्के लोकांचे ‘ड’ 30 नॅनोग्रॅमच्या खाली निघाले. तरीही जपानी लोकांना हृदयविकार आपल्यापेक्षा कमीच होतो. यावरूनही काय ते समजावे.

आता आकड्यांची भाषा. भारतात पुडीवर ‘युनिट’ लिहितात, इथल्या बाटलीवर ‘मायक्रोग्रॅम’. 40 युनिट म्हणजे 1 मायक्रोग्रॅम, एवढे लक्षात ठेवा.

• जपानच्या 2025 च्या आहारमानानुसार प्रौढांना रोज 9 मायक्रोग्रॅम, म्हणजे 360 युनिट पुरेसे धरतात.
• भारताच्या 2020 च्या शिफारशीत हा आकडा रोज 600 युनिट, म्हणजे 15 मायक्रोग्रॅम आहे.
• जपानमधली कमाल मर्यादा रोज 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे 4,000 युनिट.
• एक पुडी 60,000 युनिट, म्हणजे 1,500 मायक्रोग्रॅम. पंधरा दिवसांची कमाल मर्यादा एका घोटात!

डॉक्टरांनी कमतरता पाहून ठरावीक आठवडे पुडी दिली तर ती औषध आहे. चुकून रोज घेतली, किंवा वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने चालू ठेवली, तर ती अपाय करू शकते. जास्तीचे ‘ड’ लघवीवाटे सहज निघून जात नाही, शरीरात साठते. मग रक्तात कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, सतत तहान, मूतखडा, गोंधळल्यासारखे होणे आणि हृदयाच्या ठोक्यांत बिघाड इथपर्यंत मजल जाऊ शकते. ज्या गोळीने हृदय सांभाळायचे म्हणतो तीच त्याला त्रास देईल. वडीलधारी मंडळी मुक्कामाला आली की त्यांच्या औषधांच्या डब्यावर एकदा नजर टाकावी, ती यासाठी.

आहारातून घ्यायचे तर मासे खाणाऱ्यांची इथे चैन आहे. सुपरमार्केटमधल्या ‘साके’, म्हणजे सामन माशाच्या एका तुकड्यात साधारण 25 मायक्रोग्रॅम ‘ड’ असते. ‘इवाशी’, म्हणजे आपल्या तारलीची जपानी बहीण, तीही चांगली. शाकाहारी मंडळींना उन्हात वाळवलेले शिइताके आणि ‘किकुरागे’ हे काळे अळंबे थोडीफार मदत करतात. अंडी चालत असतील तर पिवळा बलक टाकू नये. दुधावर मात्र विसंबू नका. अमेरिकेत दुधात ‘ड’ घालण्याची पद्धत आहे. इथे ज्या डब्यावर नुसते ‘ग्यूनू’ लिहिलेले असते त्यात बाहेरून काहीच घातलेले नसते. जे पूर्ण शाकाहारी आहेत, घराबाहेर कमी पडतात, गरोदर आहेत किंवा 75 च्या पुढचे आहेत, त्यांनी रोजच्या लहान गोळीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. 2024 मध्ये अमेरिकेच्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने दिलेला सल्लाही साधारण असाच आहे : मुले, गरोदर स्त्रिया, 75 वर्षांपुढील वृद्ध आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक यांना उपयोग होऊ शकतो. बाकीच्या निरोगी प्रौढांनी आहारमानाहून जास्त घेण्याची किंवा सरसकट रक्त तपासत बसण्याची गरज नाही.

मग हृदयासाठी काय?

यांचे वजन पाहून मला कधी शंका आली नाही, ही माझी चूक. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले होते. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा : 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी आत चरबी बाळगून असतो, आणि ती असते मुख्यतः पोटात. म्हणूनच मधुमेह आणि हृदयविकार आपल्याला लवकर गाठतात.

यात एक गोष्ट विशेषतः बायकांनी लक्षात घ्यावी. जपानमध्ये 2008 पासून 40 ते 74 वयाच्या सर्वांसाठी ‘तोकुतेइ केन्शिन’ ही तपासणी आहे. लोक तिला ‘मेताबो’ म्हणतात. तिच्यात कंबरेची मर्यादा पुरुषांना 85 सेंटिमीटर आणि स्त्रियांना 90 आहे. दक्षिण आशियाई लोकांसाठी आंतरराष्ट्रीय निकष मात्र पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 असा आहे. म्हणजे एखाद्या वहिनींची कंबर 86 असेल, तर इथल्या फॉर्मवर त्या पास, आणि आपल्या निकषाने धोक्यात. कंबरेच्या रकान्यात ‘ठीक’ लिहिले म्हणून निर्धास्त होऊ नका. साखर, रक्तदाब आणि चरबीचे आकडे स्वतः वाचा.

नोकरदारांची तपासणी कंपनी करते. पण नवऱ्याच्या विम्यावर असलेल्या गृहिणींचे काय? चाळिशीनंतर त्यांनाही विमा संस्थेकडून ‘ज्युशिनकेन’ नावाचे तपासणीचे कूपन येते. बहुतेक ठिकाणी तपासणी मोफत किंवा अल्प शुल्कात होते. आमच्या घरी माझे कूपन दोन वर्षे जाहिरातींच्या कागदांबरोबर रद्दीत गेले होते, हेही कबूल करते.

निकालाच्या कागदावर हे शब्द ओळखायला शिका.

• ‘इजो-नाशी’ : दोष नाही.
• ‘केइका-कान्सात्सु’ : लक्ष ठेवा.
• ‘यो-साइकेन्सा’ : पुन्हा तपासणी आवश्यक.
• ‘यो-सेइमित्सु-केन्सा’ : सखोल तपासणी आवश्यक.
• ‘यो-चिर्यो’ : उपचार आवश्यक.

थोडक्यात, ‘यो’ने सुरू होणारा शेरा दिसला की कागद फ्रिजवर न लावता डॉक्टरांची वेळ घ्यायची. घरात आई-वडिलांना किंवा भावंडांना लवकर हृदयविकार झाला असेल तर तो न विचारताही सांगायचा.

बाकी गोष्टी जुन्याच, पण खऱ्या. तंबाखू नको. आठवड्याला निदान 150 मिनिटे झपझप चालणे. ग्योसेन पार्कात मुलांना प्राणी दाखवायला नेता, तेव्हा बाकावर न बसता दोन फेऱ्या माराव्यात. थोडे ऊनही मिळते. लोणचे-पापड आणि मिसो-रामेन एकाच दिवशी नकोत. रामेनचा रस्सा वाडग्यातच ठेवावा. आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची किंवा रक्तदाबाची गोळी दिली तर “एकदा सुरू झाली की सुटत नाही” या भीतीने ती टाळू नये. तिच्यामागे अशाच मोठ्या परीक्षा आहेत, आणि त्यांत ती उत्तीर्ण झाली आहे.

पैशाची बाजू

‘ड’ची रक्तचाचणी इथे विम्यात फक्त हाडांच्या ठरावीक आजारांसाठी बसते. नुसत्या कुतूहलाने केली तर खर्च आपला. वर्षाचा वैद्यकीय खर्च 1 लाख येनच्या वर गेला तर ‘इर्योही कोजो’ ही करसवलत मिळते (उत्पन्न कमी असेल तर मर्यादाही खाली येते). तिच्यात उपचार, औषधे, इस्पितळाला जायचे रेल्वे-बसभाडे धरतात. तब्येत राखण्यासाठी घेतलेल्या जीवनसत्त्वांच्या बाटल्या धरत नाहीत. मोठ्या उपचारात ‘कोगाकु र्योयोही’ या योजनेमुळे महिन्याच्या खर्चाला उत्पन्नाप्रमाणे मर्यादा असते. स्टेंटच्या वेळी आम्हाला तिचा मोठा आधार झाला. आणि भारतातून डॉक्टरी चिठ्ठीची औषधे आणायची तर आगाऊ परवान्याशिवाय एका महिन्यापुरतीच आणता येतात, हेही ध्यानात असू द्या.

छातीत दुखले तर

छाती जड होणे, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, घाम, दम लागणे. बायकांना कधी नुसती मळमळ आणि विलक्षण थकवा. असे काही झाले तर पाणी-सोडा पीत बसू नका, स्वतः गाडी किंवा सायकल चालवत जाऊ नका. 119 फिरवा आणि म्हणा : “क्यूक्यू देसु. मुने गा इताई.” म्हणजे तातडीचे आहे, छातीत दुखते आहे. रुग्णवाहिकेला पैसे पडत नाहीत. लक्षणे सौम्य असून जावे की नाही असा प्रश्न पडला तर टोकियोत #7119 वर सल्ला मिळतो.

आमच्या घरी आता ‘ड’ची छोटी गोळी आहे, डॉक्टरांना विचारून घेतलेली आणि हाडांसाठी म्हणून. हृदयाच्या गोळ्या वेगळ्या डबीत आहेत. रविवारी सकाळी आम्ही दोघे बांधावर चालतो. गेल्या महिन्यात माझा तपासणीचा कागद आला. त्यावर एक ‘यो’ होता. यांनीच तो आधी वाचला आणि माझ्या हातात फोन दिला.

काकूंनी प्रेमाने आणलेल्या पुडीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. एवढीच विनंती आहे की पुडी घेण्याआधी तुमच्या खणात एखादा जुना कागद पडला आहे का, ते आज जेवण झाल्यावर जरूर पाहा.